तिसऱ्या नावाची जागा

मिरिने या आमच्या कोरियन गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांच्या गटाचा दुसरा पूर्ण अल्बम काल संध्याकाळी सहाला बाहेर आला, आणि आज सकाळी सात वाजता सांगामच्या टीव्ही स्टेशनामागे माझ्यासमोर तीनशे पोरी उभ्या होत्या. त्यांतली एकही रात्री झोपलेली नव्हती. नोव्हेंबरची थंडी कान कापत होती, पण यांना त्याचं काय? एका हातात कंदील, दुसऱ्या हातात शेवाळात गुंडाळलेला तिकोनी भात, म्हणजे किंबाप, काखेत पाटाएवढा जाड अल्बम, आणि तोंडं अखंड चालू.

"पहिल्या गाण्याची पहिली ओळ ऐकलीस ना? तोच आहे."

"मी भांडी घासत होते गं. हातातलं पातेलं सुटलं."

"माझी आई धावत आली आणि म्हणाली, कोण गेलं? इतकी रडत होते मी."

मला हसू आलं, पण फॅन मॅनेजरनं हसायचं नसतं. हसलं की या डोक्यावर बसतात. मुलं मंचावर नाचणार, यांनी खालून साथ द्यायची, आणि कुठे ओरडायचं नि कुठे तोंड मिटायचं हे मी भोंगा घेऊन शिकवायचं, असं माझं काम. कंपनीत मला कुणी विचारत नाही आणि या पोरी माझ्या पाठीमागे मला सासूबाई म्हणतात. मला ऐकू येतं ते. सासू तर सासू, सुना वळणावर आहेत एवढं मात्र खरं.

मिरिने म्हणजे आकाशगंगा. त्या गंगेत होड्या वल्हवणारे म्हणून चाहते स्वतःला नावाडी म्हणवतात, आणि हातातला दिवा होडीवरच्या कंदिलासारखा. चार-पाच गाण्यांचे छोटे अल्बम मुलांनी ढिगानं काढले. पूर्ण अल्बम मात्र याआधी एकच, आणि तो आला तेव्हा कुत्रंही भुंकलं नव्हतं. हा दुसरा, 'दुसरा काठ' नावाचा, काल बाहेर पडला आणि तासाभरात देशभरातल्या गाण्यांच्या यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसला. रात्री ऑफिसात आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. मी हिशेबखात्यातल्या त्या खडूस माणसाच्यासुद्धा गळ्यात पडले, काय सांगू.

"चला, तालीम," मी भोंग्यातून म्हटलं. "धुकं. सुरुवातीपासून."

'धुकं' हे अल्बमचं मुख्य गाणं. शब्द सुरू व्हायच्या आधी नुसता ढोल घुमतो आणि त्यावर मुलांची नावं घ्यायची, वयाच्या क्रमानं, आडनावासकट, एका ठोक्याला एक नाव. कंपनीनं छापून दिलेल्या कागदावर पाच नावं सलग होती.

"हान उनसोंग! मेंग ह्योनू!"

मग एक ठोका कुणीच काही बोललं नाही.

"योम इरो! बोंग जियुल! मा रूदा!"

"मधे थांबू नका," मी म्हटलं. "जागा भरा. सलग घ्या."

"हो मॅडम," तीनशे जणींनी माना डोलावल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा दुसऱ्या नावानंतर तो एक ठोका रिकामा. सगळ्यांत पुढे बुछॉन गावची मावशी उभी होती. पन्नाशीची बाई, कपडे इस्त्री करायचं दुकान आहे तिचं, आणि तिचा हात वर गेला की अख्खा जथा सुरू होतो, खाली आला की थांबतो. तिनं माझ्याकडे अगदी निरागसपणे पाहिलं.

"मावशी, तुम्ही तरी."

"वय झालं मॅडम. ताल राहत नाही."

तिचा ताल घड्याळाला लाजवेल. पण भांडून उपयोग नव्हता, मी वसंतातच ग्वांगजूच्या कार्यक्रमात भांडून बघितलं होतं. ती तिसरी जागा गाओनची होती. सोक गाओन, सहा जणांतला तिसरा. गेल्या डिसेंबरात वर्षअखेरच्या कार्यक्रमात त्यानं आपल्या ओळीला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. पुढच्या दोन कार्यक्रमांतही तेच झालं. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे, हे मनाचं आहे. बंद खोलीत एका ध्वनिमुद्रकासमोर तो गायचा, म्हणून या अल्बमभर त्याचा आवाज आहे. माणसं समोर आली की गळा मिटायचा. कंपनीनं पत्रक काढलं, प्रकृतीच्या कारणानं विश्रांती, आणि मला नवा कागद दिला, पाच नावांचा. मी तो शिकवला. यांनी तो शिकला नाही. मी प्रत्येक वेळी अहवालात लिहायची, चाहत्यांचा ताल अजून कच्चा आहे. वरच्यांना ते पटायचं.

"यांगबाई, जरा इकडे या."

दारातून प्यो साहेबांनी हाक मारली. हे आमचे विभागप्रमुख, कायम कपाळावर आठ्या, आणि आज तर आठ्यांवर आठ्या. मला आत ओढून त्यांनी दार लावून घेतलं.

"गाओन आलाय."

माझं बोट भोंग्याच्या बटणावर होतं, ते मी आधी काढलं.

"कुठाय?"

"आत. कपडे घालतोय. उनसोंगनं आणलंय त्याला. म्हणतोय, एकदा उभा राहून बघतो. वरच्यांनी एकदा म्हणून परवानगी दिली." त्यांनी आवाज खाली आणला. "जमलं तर सोन्याहून पिवळं. नाही जमलं तर या महिन्यात पत्रक निघतंय. सही झालेली आहे."

"कसलं पत्रक?"

"तो मिरिनेतून बाहेर पडतोय याचं. किती दिवस लटकत ठेवायचं हो त्याला? आई-बापसुद्धा थकलेत."

पंधरा वर्षांचा होता तो कंपनीत आला तेव्हा. त्याच्या दातांना तारा होत्या आणि तो त्या लपवायला ओठ मिटून हसायचा.

"मुलींना सांगू?"

"वेड लागलंय का? आत शिरेपर्यंत फोन त्यांच्या हातात आहेत. अख्ख्या देशाला कळेल, आणि मग तो उभाच राहिला नाही तर? तोंड शिवून ठेवा. नावं पाचच. तो अंधारातून येईल, दिवे लागल्यावर कळेल ज्याला कळायचं त्याला."

चुकीचं काही बोलत नव्हते. मी बाहेर आले, ओळखपत्रं तपासली, फोन जमा केले आणि पोरींना आत सोडायला लागले. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमचा चेहरा असा का झालाय?" मी म्हटलं, "थंडी." आणि भोंग्यात खाकरले. "ऐका. आज पहिलंच चित्रण आहे. डोक्यावर माइक टांगलेत. गाण्यात नेमून दिलेल्या जागा सोडून कुणाच्या तोंडून हूं का चूं निघालं तर तो प्रयत्न बाद आणि ती बाहेर. काहीही दिसो. कळलं?"

"हो मॅडम."

काहीही दिसो, हे मी नको इतकं जोरात म्हटलं.

आत मंच धुरानं भरलेला. काळोख. कंदील विझवलेले. तिथे उभं राहिलं की पायाखालची फरशी ढोलानं थरथरते. मी कठड्याला टेकून उभी होते. मला अंधारात सहा सावल्या दिसल्या. पोरींना दिसल्या नसाव्यात, त्या मावशीच्या हाताकडे बघत होत्या.

हात वर गेला.

"हान उनसोंग! मेंग ह्योनू!"

एक ठोका.

"योम इरो! बोंग जियुल! मा रूदा!"

सगळे दिवे एकदम लागले आणि गाओन अगदी मधोमध उभा होता. पांढरा शर्ट, केस वाढलेले, पूर्वीपेक्षा बारीक. पहिली ओळ त्याचीच.

तीनशे पोरींनी तोंडावर हात दाबले. एकदम, सगळ्यांनी, शिस्तीत. एकीचाही आवाज निघाला नाही. मावशीनं तर दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि डोळे मोठे करून बघत राहिली. शपथेवर सांगते, अशी शिस्त पलटणीत नसेल.

गाओननं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. संगीत पुढे गेलं, त्याची ओळ मोकळीच वाहून गेली, आणि तो वळून धुरातून आत चालत गेला.

"थांबवा," दिग्दर्शकाचा आवाज आला.

त्याबरोबर पोरींचा बांध फुटला. कोण रडतंय, कोण एकमेकींना हलवतंय, तोच होता ना, तोच होता. मी भोंगा टाकून मागच्या बोळात पळाले. फॅन मॅनेजरनं कलाकारांकडे जायचं नसतं, पण तेव्हा मला कुणी अडवलं असतं तर मी चावले असते.

कपड्यांच्या रांगेमागे गाओन जमिनीवर बसला होता, गुडघ्यात डोकं. त्याच्याजवळ उनसोंग, सगळ्यांत मोठा, उकिडवा बसलेला. आणि इरो, गाओनहून एका वर्षानं लहान, भिंतीला टेकून दोन्ही हातांत पेयाचे डबे धरून उभा. गाओन अडला तर ती ओळ इरोनं उचलायची असं ठरलेलं. त्यानं उचलली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "दादाची ओळ मी कशाला म्हणू?" यांच्याही वळणाची तऱ्हाच.

"मला घरी जायचंय," गाओन म्हणाला. मला पाहून त्यानं उठून वाकून नमस्कार केला, सवयीनं, आणि पुन्हा बसला. "ताई, चूक माझीच. मी यायलाच नको होतं. त्यांना मी नकोय."

"कुणाला?"

"ऐकलं ना तुम्ही? पाचही नावं घेतली. माझ्यावरून उडी मारून पुढे गेले. ठीक आहे, मी नव्हतोच इतके दिवस, माझं नाव का घेतील? पण दिवे लागले, मी दिसलो, तरी एकीनंही हाक मारली नाही. तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. अपघात बघावा तशा."

मला हसू फुटलं. नको त्या वेळी फुटलं, पण फुटलं. उनसोंगनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आता बडतर्फच होणार.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "दहा महिन्यांत आमचा एकही कार्यक्रम पाहिला नाहीस का तू?"

"सगळे पाहिले."

"मग?"

"आवाज बंद करून." त्यानं मान वर केली नाही. "गाणं ऐकवत नव्हतं मला. नाच बघायचो फक्त."

मी त्याच्याशेजारी फतकल मारून बसले आणि फोन काढला. माझ्या फोनमध्ये दुसरं काही नसतंच. पहिलं लावलं ते ग्वांगजूचं, वसंतातलं. आवाज पूर्ण वाढवला.

हान उनसोंग, मेंग ह्योनू. शांतता. योम इरो.

"त्यांचा ताल चुकला," तो म्हणाला.

"हे बुसानचं ऐक."

हान उनसोंग, मेंग ह्योनू. शांतता. योम इरो.

त्यानं डोकं वर केलं. मी पुढचं लावलं. हे जकार्ताचं, तिथल्या मोठ्या मैदानातलं. उच्चार वेडेवाकडे, उनसोंगचं नाव तर ओळखूही येत नव्हतं. आणि दुसऱ्या नावानंतर त्या अफाट मैदानात एक ठोका असं शांत झालं, की कुणाचा तरी खोकला नीट ऐकू आला.

"तिथे पण?" गाओन म्हणाला. "त्यांना तर कोरियन येत नाही."

"गप्प बसायला कोरियन कशाला लागतं?" इरो म्हणाला.

"कंपनीनं सांगितलं होतं पाच नावं सलग घ्या," मी म्हटलं. "ग्वांगजूला घसा फोडून ओरडले मी, जागा भरा, जागा भरा. हो मॅडम म्हणायच्या. तुझा ठोका आला की ओठ मिटायच्या. दहा महिने माझ्या नाकावर टिच्चून त्यांनी तुझी जागा धरून ठेवलीय, बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. आणि तू म्हणतोस, माझ्यावरून उडी मारली."

तो माझ्या फोनकडे बघत राहिला.

"आणि ते हात?"

"ते पाप माझं. मी बजावलं होतं, काहीही दिसलं तरी आवाज काढायचा नाही. तू दिसल्यावर किंचाळायला होत होतं त्यांना, म्हणून दाबून धरलं. तुझी ओळ खराब होऊ नये म्हणून. तू पाठ फिरवलीस तेव्हापासून तिकडे नुसता आकांत चाललाय, तो ऐक."

भिंतीपलीकडून खरंच ऐकू येत होतं. गाओननं कान देऊन ऐकलं. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि जकार्ताचं परत लावलं. ती शांतता आली की तो मागे जायचा, पुन्हा ऐकायचा. उनसोंगनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले आणि आपण ते केलंच नाही असा आव आणला.

"घसा कोरडा पडलाय," अखेर गाओन म्हणाला.

इरोनं दोन्ही डबे पुढे केले.

"हे गोडमिट्ट तूच पी. पाणी दे." तो उठला. "गाईन की नाही माहीत नाही. उभा राहतो."

बोळाच्या तोंडाशी प्यो साहेब गाठ पडले. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. "पुढच्या गटाची वेळ होत आलीय," ते म्हणाले, "एकच प्रयत्न मिळेल. तो अडला तर इरो ओळ उचलेल, या वेळी उचलेलच, मी बोललोय त्याच्याशी. गाओनला नंतर कापून काढता येईल. म्हणून सांगतो, नावं पाचच. त्याचं नाव चित्रणात घुसलं तर कापता येणार नाही. मग संध्याकाळी सगळा देश त्याला अडलेला बघेल. कळतंय ना?"

कळत होतं. त्या माणसानं त्या पोराच्या भल्याचाच विचार केला होता, हेही कळत होतं. पुन्हा अडला असता आणि ते थेट घराघरांत गेलं असतं, तर तो परत कधी दाराबाहेर पडला नसता. आणि नाव घेतलं नाही, तर त्या अंधारात, आता सगळं समजूनसुद्धा, त्याला पुन्हा तीच शांतता ऐकावी लागणार होती. समजलेलं डोक्यात राहतं, गळ्याला कोण सांगणार? मला त्या दोन पावलांत ठरवायचं होतं.

मी पोरींपुढे गेले. सगळ्या एकदम गप्प झाल्या. कुणाचं नाक लाल, कुणाच्या डोळ्यांचं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं.

"मॅडम, तो गेला का?" मावशीनं विचारलं.

"आहे. येतोय."

एक लाट आल्यासारखा श्वास आत गेला.

"आमचं काही चुकलं का?" मागून एकजण म्हणाली. "आम्ही आवाज नाही काढला. खरंच नाही काढला."

"माहीत आहे मला." मी भोंगा उचलला. तो बंद केला आणि खाली ठेवला. माझा स्वतःचा आवाज इतका बारीक आहे हे मी विसरलेच होते. "जागा भरा," मी म्हटलं.

कुणाला कळलंच नाही. दहा महिने हेच ऐकत आल्या होत्या आणि दहा महिने त्यांनी हेच मानलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एकीच्या कपाळावर आठी आली. मावशीनं मान वाकडी केली.

"कशानं भरू?" ती मला जोखत म्हणाली.

"त्याच्या नावानं भरा, आणखी कशानं?"

मावशीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, मग मागे वळली आणि तिनं आपल्या तीनशे जणींना नुसती तीन बोटं दाखवली. तिसरं. एकीचा हुंदका निघाला तसा शेजारणीनं तिला कोपर मारलं. "आत्ता नको. आत्ता रडलीस तर आवाज फुटेल."

दिवे गेले. धूर सुटला. फरशी थरथरायला लागली. बाजूच्या काचेमागे प्यो साहेब उभे होते, मी तिकडे बघायचंच टाळलं. अंधारात सहा सावल्या. या वेळी सगळ्यांना दिसल्या.

हात वर गेला.

"हान उनसोंग! मेंग ह्योनू!"

"सोक गाओन!"

मी पुष्कळ आवाज ऐकलेत, पण असा नाही ऐकला. दहा महिने दर वेळी गिळलेलं ते नाव तीनशे गळ्यांतून एकदम बाहेर आलं आणि थांबेचना. ठोका संपला तरी ओरडत होत्या. गाओनच्या शेवटच्या अक्षरावर लोंबकळत होत्या. त्यात माझाही आवाज होता, हे मला घशात आग झाली तेव्हा कळलं. ताल गेला, क्रम गेला, मावशीचा हात वर तसाच अडकून राहिला आणि चौथा ठोका त्या आरड्यात बुडून गेला. योम इरोचं नाव कुणी घेतलंच नाही. पोरींच्या ते लक्षात आलं आणि सगळ्या एकदम दचकून गप्प झाल्या. ढोल एकटाच वाजत राहिला. संपलं, मला वाटलं. एवढं करून मीच घोळ घातला.

"योम इरो!"

मंचावरून आलं ते. अंधारातून, माइकमधून, स्वच्छ आणि खणखणीत, थोडं उशिरा.

तो गाओनचा आवाज होता.

इरोचं नाव राहून गेलं म्हणून तो ओरडला होता. विचार केला असता तर ओरडलाच नसता. पलीकडून इरोचं हसू माइकमध्ये फुटलं, आणि पोरींनी कसेबसे सावरून पुढचे दोन ठोके पकडले. "बोंग जियुल! मा रूदा!"

दिवे लागले. इरोचा पहिलाच पाय चुकला, कारण तो हसत होता. गाओन मधोमध उभा होता, तोंड अजून अर्धवट उघडं, आपल्याच आवाजाचं नवल वाटल्यासारखा. पोरींचे हात झटकन तोंडावर गेले.

त्यानं त्या हातांकडे पाहिलं. सगळ्या रांगांवरून, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, सावकाश नजर फिरवली. मग आपली पहिली ओळ म्हटली, आणि न अडता दुसरीही.